अस्तराला हालायला जागा ठेवा

दोन वर्षांपूर्वी लेकीने एक विकतचा स्कर्ट माझ्या पुढ्यात टाकला. "बाबा, हा आतून फाटलाय, बघा ना." वरचं कापड धडधाकट होतं. अस्तर मात्र मागच्या बाजूला टिपेलगत वीतभर गेलेलं. उलटा करून टेप लावली, तर अस्तर वरच्या कापडाच्या मापालाच कापलेलं, सूतभरही जास्त नाही. लेक रोज वारज्याहून हिंजवडीला स्कूटरने जाते. बसताना वरचं कापड थोडं ताणलं जातं, अस्तर ताणलं जात नाही, मग ते फाटतं. माझी नोकरी पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये झाली. शाफ्ट आणि तो ज्या नळीत फिरतो तो बुश एकाच मापाचे केले तर शाफ्ट फिरणार नाही, हे तिथे पहिल्या आठवड्यात कळतं. स्कर्ट शिवणाऱ्याला ते कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून घरात पाच स्कर्ट शिवून झाले. मशीन आईचं, पायाचं, पुढे त्याला मोटर बसवली. खाली जो सांगतोय तो साधा ए-लाइन स्कर्ट आहे, म्हणजे खाली रुंद होत जाणारा: गुडघ्याच्या खाली येणारा, कमरेला पट्टा, मागे कन्सील चेन (बाहेरून न दिसणारी), पुढे-मागे दोन-दोन टक्स (कंबर आत घेणाऱ्या निमुळत्या शिवलेल्या घड्या), आतून पूर्ण अस्तर. स्लिट नाही. घेर पुरेसा असला की स्लिट लागत नाही, आणि पहिल्याच स्कर्टला अस्तरासकट स्लिट करायला घेऊ नका.

पॅटर्न म्हणजे ड्रॉइंग

ड्रॉइंग न वाचता मशीन सुरू करणाऱ्या पोराला आमचे फोरमन बाहेर उभं करायचे. पॅटर्नच्या बाबतीत मी तसाच आहे. आधी सगळा कागद वाचायचा, कोपऱ्यातली बारीक अक्षरंसुद्धा.

सगळ्यात आधी बघायचं ते माया, म्हणजे टिपेच्या बाहेर सोडायचं जादा कापड, धरली आहे की नाही. अमेरिकेत एबेनेझर बटरिक यांनी १८६३ साली मापवार कागदी पॅटर्न विकायला काढले. आजही त्या घराण्यातल्या, म्हणजे बटरिक, मॅकॉल्स, सिंप्लिसिटी अशा पॅटर्नांत शिवणीची माया आधीच धरलेली असते, बहुतेक ठिकाणी ५/८ इंच, म्हणजे साधारण १.५ सेंटिमीटर. उलट जर्मनीच्या बुर्डा मासिकातला पॅटर्न कागदावर उतरवून घ्याल तर त्यात माया नसते, ती आपण चारी बाजूंनी आखायची. हे न बघता कापलं तर स्कर्ट ३ सेंटिमीटर नव्हे, चांगला ६ सेंटिमीटरने लहान होतो, कारण दोन बाजूंच्या चार कडा आणि प्रत्येक कडेचे दीड-दीड.

दुसरी गोष्ट प्रिंटची. हल्ली पॅटर्न फाइल म्हणून मिळतो, ए-फोर कागदांवर छापून चिकटवायचा. पहिल्या पानावर एक चौकोन असतो, ५ किंवा १० सेंटिमीटरचा. तो पट्टीने मोजा. मी पहिल्यांदा घराजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून चोवीस पानं छापून आणली, रात्री बसून चिकटवली आणि मग चौकोन मोजला. १० च्या जागी ९.६. मशीनने पान कागदात 'बसवून' घेतलं होतं. ९.६ म्हणजे १०० चा नितंबाचा घेर ९६ झाला. चोवीस पानं रद्दीत. आता दुकानात उभा राहून आधी एकच पान काढतो, खिशातली स्टीलची पट्टी लावतो, मग म्हणतो, "काढा बाकीची." तो माझ्याकडे कसा बघतो ते बघण्यासारखं असतं. 'शंभर टक्के' किंवा 'प्रत्यक्ष आकार' असं सेटिंग असतं, तेच मागा.

तिसरं, साइज. पाकिटावरचा नंबर आणि दुकानातल्या तयार कपड्याचा नंबर यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. अंगाची मापं घ्या आणि तक्त्यात शोधा. कंबर आणि नितंब वेगवेगळ्या साइजमध्ये आले तर ए-लाइनला नितंबाची साइज धरा. कंबर टक्समध्ये नि बाजूच्या टिपेत आत घेता येते, नितंबावर नसलेलं कापड कुठून आणणार?

माप घेताना कमरेला एक नाडी बांधायची आणि दोन-तीनदा वाकायचं. नाडी जिथे स्थिरावेल ती कंबर. नितंबाचं माप सगळ्यात रुंद ठिकाणी, साधारण कमरेखाली २० सेंटिमीटरवर. लेकीची मापं कंबर ७४, नितंब ९८, लांबी ६५. बायको इंचात बोलते, मी सेंटिमीटरमध्ये. एका स्कर्टला दोन्ही वापरू नका, आमचा एक पट्टा त्याच भांडणात आखूड झालाय.

कापड आणि अस्तर

नळ स्टॉपला मेट्रोत बसायचं, सिव्हिल कोर्टला बदलायची आणि मंडईला उतरायचं. लक्ष्मी रोडवर गाडी लावायची जागा शोधण्यात जो वेळ जायचा, त्यात आता कापड घेऊन होतं. वरचं कापड लक्ष्मी रोडला किंवा रविवार पेठेत, अस्तर मॅचिंग सेंटरमध्ये, चेन, हूक आणि कापडाला कडकपणा देणारं बक्रम तुळशीबागेत. कापडाचा तुकडा बरोबर न्या आणि अस्तराचा रंग दुकानाबाहेर येऊन उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली जुळलेला मरून घरी आल्यावर तपकिरी निघतो.

पहिल्या स्कर्टला मध्यम जाडीचं, इस्त्री धरणारं सुती किंवा लिनन-सुती कापड घ्या. लेकीला खणाचा हवा होता. खण गुळेदगुड्डचा, दिसतो सुरेख, पण पन्हा लहान आणि वर काठ. त्यात पुढचा भाग आडवा बसतो का, ते पॅटर्न घेऊन दुकानातच मोजा. ४४ इंच पन्ह्यात आमच्या मापाला पुढचा आणि मागचा भाग एकाखाली एक घ्यावे लागतात. दोन लांब्या, खालची दुमड, पट्टा आणि आटणं धरून मी पावणेदोन मीटर घेतो.

अस्तराबद्दल दुकानदार विचारतो, "ब्लाउजचं का?" आणि टू बाय टू हे सुती अस्तर काढतो. पुण्याच्या उन्हाळ्यात तेच बरं, घाम शोषतं. एक खोट आहे. सुती वर सुती असलं की चालताना अस्तर वर चढतं. घेर मोठा असेल तर फारसं जाणवत नाही, अरुंद स्कर्टला जाणवतं. तिथे क्रेपसारखं सरकणारं अस्तर घ्या, पण पॉलिएस्टरचं क्रेप डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत पायाला चिकटून बसतं. व्हिस्कोजचं मिळालं तर दोन्ही साधतं. ते रोज मिळत नाही.

दोन्ही कापडं आणल्या दिवशी भिजवायची. वरचं आणि अस्तर, दोन्ही. माझं अडीच मीटर सुती पहिल्या धुण्यात चार इंच आटलं होतं. शिवल्यावर एकच आटलं तर आतलं नि बाहेरचं एकमेकांना ओढत बसतील. गडद अस्तराचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासून बघा, रंग सुटत असेल तर परत करा.

आधी मांजरपाट

खरं कापड कापण्याआधी मांजरपाटाचा एक नमुना शिवून घालून बघायचा. हे टाळायची सगळ्यांना घाई असते. टाळू नका. मांजरपाट स्वस्त आहे आणि त्यावर पेनने लिहिता येतं. पुढचा भाग, मागचे दोन भाग, टक्स, बाजूच्या टिपा, एवढंच. टाके मोठे ठेवा, ४-५ मिलिमीटरचे, उसवायला सोपे जातात. चेनच्या जागी टाचण्या.

घातल्यावर आरशापुढे उभं राहून छान म्हणायचं नाही. स्टुलावर बसायचं. मग एक पाय वर घेऊन स्कूटरवर बसल्यासारखं करायचं. आमच्याकडे हे दिवाणाच्या कडेवर होतं आणि बायको हसते. बसल्यावर मांडीवर आडव्या रेषा पडल्या तर नितंबाला जागा कमी आहे. उभं असताना निदान ५ सेंटिमीटर सैल हवा. मागे कमरेखाली आडवी घडी साचत असेल तर मागची कंबर मध्यभागी अर्धा-एक सेंटिमीटर खाली उतरवा. बाजूची टीप जमिनीला काटकोनात पडते का बघा. ती पुढे पळत असेल तर पोटाला कापड कमी पडतंय. सगळे बदल मांजरपाटावर लिहा, तिथून कागदावर.

कापणं

कापडाला उभा धागा आणि आडवा धागा असतो, आणि त्यांच्यामध्ये तिरकं धरलं की ते उरेब, ताणलं जाणारं. पॅटर्नवर जो लांब बाण असतो तो उभ्या धाग्याला, म्हणजे काठाला समांतर हवा. डोळ्यांनी नाही, पट्टीने. बाणाच्या वरच्या टोकापासून काठापर्यंत मोजा, खालच्या टोकापासून मोजा, आकडा एकच यायला हवा. इथे दोन सूत चुकलात तर स्कर्ट चालताना एका बाजूला फिरत जातो, आणि कितीही इस्त्री केली तरी सरळ होत नाही. टूलरूममध्ये आधी एक बाजू पक्की करतात आणि पुढचं प्रत्येक माप त्या बाजूवरून घेतात. कापडाचा काठ ही ती बाजू.

पुढचा भाग घडीवर, मागचे दोन सुटे, त्यात चेनसाठी माया. खाली दुमडीला ४ सेंटिमीटर. टक्सची टोकं आणि जोडखुणा खडूने उलट्या बाजूला. खाचा बाहेरच्या बाजूला छोट्या त्रिकोणाच्या ठेवतो, आत कात्री घालत नाही.

पट्ट्याचा हिशेब सरळ आहे: कंबर ७४, सैल २, मागे एकावर एक येण्यासाठी ३, दोन्ही टोकांची माया ३. एकूण ८२ सेंटिमीटर. रुंदी तयार ३, दुहेरी म्हणून ६, अधिक माया ३, म्हणजे ९.

आता अस्तर. वरच्याच पॅटर्नने कापायचं, पण तीन फरक करून. एक, खालून ४ सेंटिमीटर कमी. दोन, बाजूच्या चारही कडांना ५ मिलिमीटर जास्त. चार पाचे वीस, म्हणजे घेरात २ सेंटिमीटर. लेकीच्या फाटलेल्या स्कर्टात नेमके हेच दोन सेंटिमीटर नव्हते. तीन, टक्सच्या टोकाची खूण करायची नाही, वरच्या कडेवरच्या दोन खुणा फक्त. का ते पुढे.

बाहेरचा स्कर्ट

सुती कापडाला १४ नंबरची सुई, अस्तराला ११. नवी. बोथट सुईने अस्तराचे धागे ओढले जातात. टाका अडीच मिलिमीटर.

टक्स रुंद बाजूकडून टोकाकडे मारा. टोकाला उलट टाका घालायचा नाही, तिथे गाठोडं होतं. शेवटचे तीन टाके घडीच्या अगदी कडेवर येऊ द्या, दोरा लांब तोडा, हाताने गाठ मारा. मग इस्त्री, टक्स मध्याकडे वळवून. इस्त्री प्रत्येक टिपेनंतर. फाइल न मारता पुढचा कट घेत नाहीत, तसंच. आधी टीप सपाट दाबायची, मग माया उघडून. दोन्ही पायऱ्या. उन्हाळ्यात याचा फार कंटाळा येतो, मान्य.

मागच्या मध्यावर चेनच्या उंचीइतकी बक्रमची एक सेंटिमीटरची पट्टी उलट्या बाजूला चिकटवा, नाहीतर चेनच्या शेजारी कापड लाटा धरतं. कन्सील चेन आधी लावायची, खालची टीप नंतर. चेन उघडून तिचे दात कोमट इस्त्रीने उलगडून घ्या, गरम इस्त्रीने ते वितळतात. सुलट बाजूला ठेवून दातांना चिकटून टीप मारायची. त्यासाठी खाचेचा वेगळा फूट मिळतो, तुळशीबागेत मशीनचं नाव सांगून मागा. एक बाजू झाली की चेन बंद करा, दुसऱ्या बाजूला कमरेची उंची खडूने खूण करा, मगच दुसरी शिवा. हे न केल्याने माझ्या दुसऱ्या स्कर्टची डावी कंबर उजवीपेक्षा ४ मिलिमीटर वर आहे. लेक म्हणते दिसत नाही. मला दिसतं.

चेनच्या खालची मागची टीप पूर्ण करा, मग बाजूच्या टिपा. कडा इंटरलॉक करून घ्या. घरी मशीन नसेल तर फॉल-पिकोवाल्याकडे होतं. आत अस्तर येणार, मग कशाला, असं वाटेल. सुती कापड धुण्यात सुटतं आणि त्याचे धागे अस्तराखाली गोळा होऊन बाहेरून दिसतात.

आतला स्कर्ट

टक्स शिवायचे नाहीत. त्यांच्या जागी चुण्या घ्यायच्या. दोन खुणा एकमेकींवर आणायच्या, जादा वाढवलेले ५-५ मिलिमीटर याच चुण्यांत ओढायचे, आणि फक्त वरच्या कडेवर टाका घालायचा. खाली चुणी मोकळी. पोट थोडं फुगलं, बसलात, वाकलात, की ती उघडते. शिवलेला टक्स उघडत नाही. अख्ख्या स्कर्टात अस्तर टिकवणारी ही एक गोष्ट मला वाटते. चुणी बाहेरच्या टक्सच्या उलट दिशेला वळवा, म्हणजे चार पदर एकाच जागी येत नाहीत.

बाजूच्या टिपा मारा. मागची टीप चेनच्या शेवटापेक्षा अडीच सेंटिमीटर खाली सुरू करा. अस्तर सरकत असेल तर खाली वर्तमानपत्र नको, शाई लागते. साधा पातळ कागद ठेवा आणि नंतर फाडून काढा. खालची कड दोनदा दुमडून मशीनवरच शिवा, तिला कुणी बघत नाही.

एकत्र आणणं

बाहेरचा स्कर्ट उलटा करून ठेवा. त्यावर अस्तर, सुलट बाजू तुमच्याकडे, म्हणजे दोघांच्या उलट्या बाजू एकमेकींना लागतील आणि माया मध्ये लपेल. मध्य मध्याला, बाजूची टीप बाजूच्या टिपेला. टाचण्या आडव्या. कमरेवर कच्चा टाका.

कमरेची कड वळणाची असते, म्हणजे जागोजागी उरेब. हाताळता हाताळता ती ताणली जाते आणि मग पट्ट्यात मावत नाही. म्हणून कापल्या दिवशीच कमरेवर मायेच्या आत एक टीप मारून ठेवा. पट्ट्याला आतून बक्रम, मग सुलट्यावर सुलट ठेवून शिवा, माया थरांनी कापा, एक थर आखूड, एक लांब. टोकं उलटून दुमडा. आतली कड मी हाताने लावतो, बाहेर टाका दिसू न देता. मागे सपाट हूक.

चेनपाशी अस्तराच्या कडा आत दुमडून चेनच्या कापडी पट्टीवर हाताने टाचा. दातांपासून ५ मिलिमीटर दूर. जवळ आणलं की एक दिवस घाईत चेन अस्तर गिळते आणि मग उपाय कात्रीच.

खालची कड

स्कर्ट हँगरला अडकवून एक दिवस तसाच राहू द्या. ए-लाइनच्या बाजूंना कापड उरेब पडलेलं असतं, ते स्वतःच्या वजनाने उतरतं. दुसऱ्या दिवशी बाजू मधल्यापेक्षा अर्धा-एक सेंटिमीटर खाली आलेल्या दिसतील. पायाला पायताण घालून सरळ उभं राहायचं, जमिनीपासून पट्टीने सगळीकडे सारखी उंची मोजून खडूच्या खुणा करायच्या. मोजणारा दुसरा माणूस हवा, घालणाऱ्याने वाकलं की सगळं माप हललं. आमच्याकडे मी फरशीवर बसतो आणि लेक दर मिनिटाला विचारते, "झालं?"

दुमड हाताने तुरपाईने घाला, दोरा ढिला ठेवून. अस्तर तयार कडेच्या अडीच सेंटिमीटर वर राहायला हवं. खाली अस्तर आणि स्कर्ट शिवून टाकू नका, दोघं सुटे. फक्त बाजूच्या दोन टिपांपाशी, आतल्या आत, दोऱ्याची साखळी विणा, तीन-चार सेंटिमीटर लांब, आणि अस्तराची माया स्कर्टच्या मायेला बांधा. अस्तर फिरत नाही, आणि हालायला मोकळं राहतं.

माझी पहिली साखळी मी एक सेंटिमीटरची केली होती. लेक पहिल्या दिवशी हिंजवडीहून परत आली तेव्हा डाव्या बाजूची तुटलेली होती. स्कर्ट शाबूत होता, अस्तरही. साखळी परत विणली, चार सेंटिमीटरची.